कंबरदुखीसाठीचा देखरेखीखालील व्यायामवर्ग: एक परीक्षण

महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या किंवा बरी होऊन पुन्हा उलटणाऱ्या कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जो गटवर्ग चालतो, तो मी पूर्ण केला, आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. आठ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, दर खेपेस सुमारे तासभर असा तिचा आराखडा होता. सुरुवातीला प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी, त्यानंतर आठ-दहा जणांच्या गटात व्यायाम आणि माहिती, आणि सोबत घरी पाळायचा चालण्याचा कार्यक्रम, असे तिचे तीन भाग होते. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण याच धर्तीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात आणि पारख व्हायला हवी ती या पद्धतीची. माझे मत प्रथमच नोंदवते. दुखऱ्या कंबरेसह कामधाम, उठबस आणि चालणे कसे चालू ठेवावे हे ही सेवा शिकवते; तिच्यात काही ठळक उणिवा आहेत, आणि तरीही कंबरदुखीवर वेळ व पैसा खर्च करण्याचे जितके मार्ग माणसासमोर येतात त्यांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटला.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पहिली भेट. कंबर नेमकी कुठे दुखते हे विचारण्यात फिजिओथेरपिस्टने फार वेळ घालवला नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे का, बैठकीच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा जाणवतो का, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होते आहे का, ताप आहे का, कारण नसताना वजन घटले आहे का, पूर्वी कधी कर्करोग झाला होता का, बराच काळ स्टेरॉइडची औषधे घेतली आहेत का, दुखणे सुरू होण्यापूर्वी कुठे जोरात पडणे झाले होते का, असे प्रश्न एकामागून एक आले आणि प्रत्येकाचे उत्तर लिहून घेतले गेले. ही निव्वळ औपचारिकता नव्हे. लघवी अडणे किंवा नकळत होणे आणि बैठकीच्या जागी बधिरता येणे हा कण्याच्या खालच्या टोकाकडील मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याचा इशारा असू शकतो, आणि तसे असेल तर व्यायामवर्ग बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. आमच्या तुकडीत आलेल्या एका गृहस्थांचे पाऊल चालताना खाली लोंबत होते. त्यांना वर्गात न घेता लगेच डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. जी सेवा काही जणांना नकार देते, तिच्यावर उरलेल्यांनी विश्वास ठेवायला हरकत नाही, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते.

अशी गंभीर कारणे वगळली की जे उरते ते बहुतेकांचे दुखणे. कंबरदुखीच्या दहांपैकी सुमारे नऊ प्रकरणांत अमुक एका मणक्यावर किंवा स्नायूवर बोट ठेवून 'हेच कारण' असे सांगता येत नाही. हे ऐकणे रुग्णाला अवघड जाते, कारण दुखणे खरे असते आणि त्याला नाव हवे असते. मग बहुतेक जण एमआरआय काढून घेतात, आणि अहवालात चकती (दोन मणक्यांमधली गादी) फुगलेली, मणके झिजलेले, पाण्याचे प्रमाण कमी झालेले असे काही ना काही लिहिलेले असतेच. या केंद्रात कोणाकडेही एमआरआय मागितला गेला नाही, ज्यांच्याकडे होता त्यांचा शांतपणे वाचून दाखवला गेला, आणि त्याच्या शेजारी एक तक्ता ठेवला गेला, तो मला फार महत्त्वाचा वाटला. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आढळली होती. फुगलेली चकती विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत होती. याचा अर्थ चित्रात दिसणारी झीज खोटी असते असा नाही. ती वयाबरोबर बहुतेकांत येते, दुखत नसलेल्यांतही येते, आणि म्हणून तेवढ्यावरून आपण मोडकळीला आलो आहोत असा निष्कर्ष काढता येत नाही. आमच्यातील कित्येक जण अहवालाची फाईल छातीशी धरून आले होते. त्या तक्त्यानंतर त्यांचे दुखणे लगेच कमी झाले असे नाही, पण वाकताना त्यांच्या चेहऱ्यावर जी धास्ती दिसे ती पुढच्या काही खेपांत ओसरू लागल्याचे मी पाहिले.

दुसऱ्या खेपेस विश्रांतीवर चर्चा झाली. कमरेत उसण भरली की अंथरूण धरायचे, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला आणि डॉक्टरांनीही दिला. त्याला धक्का देणारे दोन अभ्यास वर्गात समजावून सांगण्यात आले. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात पडून राहण्यास सांगण्यात आले. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले, आणि एरवी त्यांच्या प्रकृतीत सात दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा काही वाईट आढळले नाही. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास आणखी बोलका आहे. त्यात एका गटाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला कंबर मोकळी करण्याचे व्यायाम, आणि तिसऱ्याला झेपेल तितका नेहमीचा दिनक्रम सुचवला गेला. सर्वांत लवकर सावरला तो नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारा गट, आणि सर्वांत मागे राहिला तो अंथरुणातला.

या दुसऱ्या अभ्यासातली एक गोष्ट बरेच जण सांगत नाहीत, पण या वर्गात ती सांगितली गेली, म्हणून येथे तिची नोंद करते. उसण नुकतीच भरलेली असताना मुद्दाम केलेले व्यायामही साध्या दिनक्रमापेक्षा सरस ठरले नव्हते. म्हणूनच ज्यांचे दुखणे काही दिवसांपूर्वीच सुरू झाले होते त्यांना केंद्राने व्यायामाच्या रांगेत उभे केले नाही. घरातल्या घरात चालत राहा, एका जागी फार वेळ बसू किंवा पडू नका, जमेल ते काम हळूहळू करा, शेक घेऊन बरे वाटत असेल तर घ्या, आणि काही आठवड्यांनीही फरक पडला नाही तर परत या, एवढेच त्यांना सांगितले गेले. आठ आठवड्यांच्या वर्गात नाव घालून घेण्याची संधी समोर असताना असा सल्ला देणे हे सचोटीचे लक्षण आहे. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या बाबतीत, म्हणजे सायटिकात, पडून राहणे आणि हालचाल चालू ठेवणे यांत पुराव्यांना फारसा फरक दिसत नाही, हेही मोकळेपणाने मांडले गेले. तरीही तिथे हालचालीकडेच कल ठेवण्याचे कारण असे दिले गेले की पडून राहण्याने स्नायू, दम आणि आत्मविश्वास तिन्ही खालावतात आणि बदल्यात काही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष व्यायामाविषयी. अनोखे असे त्यात काही नव्हते. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणे, हात आणि गुडघे टेकून ओणवे झाल्यावर एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांब करणे, कुशीवर कोपर टेकवून अंग उचलून धरणे, खुर्चीवरून हात न टेकता उठबस करणे, पायरीवर चढ-उतार, आणि पाचव्या आठवड्यापासून जमिनीवरून वजन उचलून टेबलावर ठेवणे. नावीन्य व्यायामांत नसून मात्रा ठरवण्यात होते, आणि माझ्या मते या सेवेचे सगळे कौशल्य तिथेच आहे. पहिल्या खेपेस प्रत्येकाला विचारले गेले की वाईटातल्या वाईट दिवशीही तुम्ही किती वेळा हे कराल. त्या उत्तरापासून सुरुवात झाली. एखाद्याने आठ वेळा सांगितले तर आठच, आणि अंग मोकळे वाटते आहे म्हणून पंधरा वेळा करायला परवानगी नव्हती. कंबरदुखीच्या माणसाची नेहमीची पद्धत अशी असते की बरे वाटलेल्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकायची, आणि मग पुढचे तीन दिवस कंबर धरून बसायचे. काही महिने असे चालले की चांगल्या दिवशीची ताकदही कमी होत जाते आणि काम म्हणजे दुखणे ही गाठ मनात पक्की बसते. ठरलेली मात्रा बऱ्या दिवशी ओलांडायची नाही आणि वाईट दिवशी टाळायची नाही, हा नियम ही गाठ सैल करतो. मात्रा वाढते ती दर आठवड्याला, थोडीथोडी, आणि दुखण्याच्या चढउतारावर अवलंबून न राहता आधी आखलेल्या पायऱ्यांनी.

व्यायाम करताना दुखले तर काय, हा प्रश्न पहिल्याच तासाला सर्वांनी विचारला. केंद्राचा नियम सोपा होता. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर चार-पाचपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर यायला हवे. न आल्यास व्यायाम बंद न करता मात्रा एक पायरी खाली आणायची. दुखणे पायात अधिक खाली पसरू लागले, बधिरता आली किंवा ताकद कमी वाटली तर मात्र थांबून सांगायचे. या नियमाने जे साधले ते कोणत्याही आश्वासक भाषणाने साधले नसते. दुखले म्हणजे इजा झाली असे समजून जो माणूस प्रत्येक कळेला थबकतो, त्याला दुखत असतानाही काही बिघडत नाही याचा अनुभव स्वतःच्या शरीरावर घ्यावा लागतो, आणि तो अनुभव देखरेखीखाली, नियम ठरवून, वारंवार मिळाला तरच टिकतो. वर्गातील एक आजी नातवंडाला उचलणे सोडून बसल्या होत्या. त्यांच्यासाठी वाळूच्या पिशवीचे वजन पायरीपायरीने वाढवत नेले गेले, आणि सातव्या आठवड्यात त्यांनी नातवाच्या वजनाइतकी पिशवी जमिनीवरून उचलून खांद्याशी धरली. त्यांची कंबर तेव्हाही थोडी दुखतच होती, असे त्यांनी स्वतः सांगितले.

चालण्याचा कार्यक्रम हा वर्गाचा दुसरा कणा. येथे केंद्राने अलीकडच्या एका चांगल्या चाचणीचा आधार घेतला आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेली ही चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकतेच सावरलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने चालण्याचा चढता कार्यक्रम व माहिती दिली गेली, आणि उरलेल्यांना काही दिले गेले नाही. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत पोहोचावे असे ध्येय होते, पण प्रत्येकाचे वय, ताकद आणि आवड पाहून त्यात बदल करण्याची मोकळीक होती. दुखणे उलटेपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे गटातल्या निम्म्या लोकांचे दुखणे उलटायला लागलेला काळ, न चालणाऱ्या गटात ११२ दिवस होता आणि चालणाऱ्या गटात २०८ दिवस. दुखणे उलटलेच नाही असे नव्हे, ते बरेच लांबले. ज्याला वर्षातून दोन-तीनदा कंबर धरते त्याला या फरकाची किंमत सांगावी लागणार नाही. औषध नाही, यंत्र नाही, आणि चपलेखेरीज साधन नाही, अशा उपायाचा इतका परिणाम होतो ही बाब कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचायला हवी असे मला तळमळीने वाटते. वर्गात प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात किती मिनिटे चालणार हे स्वतः ठरवून लिहिले. कोणी सात मिनिटे लिहिली, कोणी पंचवीस, आणि दोन्ही सारख्याच गांभीर्याने स्वीकारली गेली. दम फारसा न लागता गप्पा मारता येतील अशा गतीपासून सुरुवात करून आधी वेळ आणि मग वेग वाढवायचा, एवढीच सूचना होती.

बसण्याच्या 'योग्य' पद्धतीविषयी या केंद्राची भूमिका मला पटली. एकच आदर्श बैठक कोणालाही शिकवली गेली नाही. कोणतीही बैठक फार वेळ टिकवू नका, अर्ध्या तासाने उठा, फोनवर बोलताना चाला, आणि खुर्ची बदलण्याआधी बसण्याचा अवधी बदला, असा सल्ला होता.

केंद्रात यंत्रे नव्हती, याचे काहींना वाईट वाटले. विजेच्या लहरींचा शेक, अल्ट्रासाऊंड, कंबरेला वजन लावून ओढ देण्याचा पलंग, यांची सवय झालेल्या माणसाला व्यायाम ही फसवणूक वाटू शकते, कारण यंत्राखाली पडून राहताना कोणीतरी आपल्यासाठी काही करत असते. पण पुरावा येथे केंद्राच्या बाजूने आहे. ब्रिटनमध्ये उपचारांविषयी मार्गदर्शन ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनात गटव्यायामाचा विचार करावा असे म्हटले आहे, आणि कंबरेचे पट्टे, ओढ देणे, अल्ट्रासाऊंड व विजेचे शेक देऊ नयेत असे स्पष्ट लिहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवरील पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत रुग्णशिक्षण, व्यायाम, मसाजसारखे काही शारीरिक उपचार आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांना स्थान आहे, आणि पट्टे, ओढ देणे व अल्ट्रासाऊंड यांना नेहमीच्या उपचारांत स्थान नाही. त्याच संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल. एवढ्या माणसांना पुरेल असा उपाय पलंगाला जोडलेला असूच शकत नाही, तो माणसाने स्वतः घरी करता येईल असाच असावा लागेल.

येथे माझी पहिली आणि मोठी तक्रार येते. ज्या केंद्राच्या वर्गखोलीत हे सगळे नीट समजावले जाते, त्याच केंद्राच्या नोंदणीच्या टेबलामागे कमरेचे पट्टे आणि पाठीमागे ठेवायच्या उशा विक्रीला मांडलेल्या होत्या. विचारल्यावर मिळालेले उत्तर असे, की लोक मागतात. लोक मागतात हे खरे आहे. पट्ट्याने काही जणांना थोडा वेळ धीर वाटतो हेही खरे आहे, आणि एखाद्या अवघड प्रवासापुरता कोणी तो बांधला तर मी त्याला दोष देणार नाही. पण प्रतिबंधावरील चाचण्यांचा जो एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात व्यायामाला माहितीची जोड दिल्यास कंबरदुखीच्या नव्या झटक्याची जोखीम ४५ टक्क्यांनी कमी होते असे दिसले, आणि पट्टे व बुटातल्या गाद्या यांनी जोखीम कमी होत असल्याचे दिसले नाही. माहिती देणाऱ्यानेच दाराशी पट्टा विकावा यामुळे आतल्या तासाचा परिणाम कमी होतो. आपली कंबर नाजूक आहे, तिला बाहेरून आधार लागतो, हा समज दूर करण्यासाठीच माणूस आत आलेला असतो.

दुसरी उणीव शिकवणाऱ्यांच्या एकवाक्यतेची. मुख्य फिजिओथेरपिस्ट वाकण्याला घाबरू नका, पाठ वाकण्यासाठीच घडलेली आहे, असे सांगत. तर आठवड्यातल्या दुसऱ्या खेपेस येणारे सहायक प्रत्येक उचलण्याला 'पाठ सरळ, पाठ सरळ' असा धोशा लावत. वजन उचलण्याच्या तंत्राविषयी तज्ज्ञांत मतभेद असू शकतात, आणि जड वजन पहिल्यांदा उचलताना काळजी घेणे शहाणपणाचेच आहे. पण एकाच गटाला चार दिवसांच्या अंतराने दोन विरुद्ध सूचना मिळाल्या की जी माणसे आधीच बिचकलेली असतात ती दोहोंतली अधिक भीतीची सूचना धरून ठेवतात. आमच्या तुकडीत नेमके हेच झाले. चहाचा कप उचलतानाही पाठ ताठ ठेवणारे दोघे जण शेवटच्या आठवड्यातही तसेच ताठ होते.

तिसरी गोष्ट, झोपेकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले. ज्याची झोप महिनोन्महिने मोडली आहे त्याला कंबर अधिक दुखते आणि व्यायामाचा उत्साहही राहत नाही, हे गटातील प्रत्येक जण आपापल्या शब्दांत सांगत होता, तरी त्यासाठी अर्धा तासही राखून ठेवला नव्हता. दुखणे उफाळले तर काय करावे याचा धडादेखील सातव्या आठवड्यात आला. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात यायला हवा होता, कारण वर्ग सोडून गेलेले बहुतेक जण चौथ्या आठवड्याच्या आसपास, एका वाईट झटक्यानंतरच सोडून गेले. तो धडा स्वतः उत्तम होता: पहिले दोन-तीन दिवस मात्रा निम्मी करा पण शून्य करू नका, चालणे तुकड्यातुकड्यांत विभागा, ज्या स्थितीत आराम वाटतो त्या स्थितीत थोडा वेळ घालवून पुन्हा उठा, आणि आठवडाभरात जुन्या मात्रेकडे परतण्याची तारीख आधीच लिहून ठेवा. एवढे आधी मिळाले असते तर काही जण टिकले असते याबद्दल मला शंका नाही.

गटाचा आकार मात्र मला योग्य वाटला. आठ-दहा जणांत फिजिओथेरपिस्टची नजर प्रत्येकावर राहते, आणि ट्रकचालक, शिक्षिका, शिवणकाम करणारी, निवृत्त कारकून अशी निरनिराळ्या कामांची माणसे शेजारी उभी राहिली की आपल्या दुखण्याकडे पाहण्याची नजर बदलते. ज्याला आपण फार बिघडलेले समजत होतो तो आपल्यापेक्षा अधिक वजन उचलतो, आणि जो धडधाकट दिसतो त्याला खुर्चीतून उठताना घाम फुटतो. एकट्याने घेतलेल्या उपचारात हे दिसत नाही. ज्यांना गटात शरीराविषयी बोलणे अवघड वाटते त्यांच्यासाठी अधूनमधून स्वतंत्र भेटीची सोय होती, आणि ती पुरेशी होती.

परिणामाविषयी अतिशयोक्ती टाळायला हवी, कारण कंबरदुखीच्या रुग्णाला आजवर पुष्कळ आश्वासने मिळालेली असतात. जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढावा २०२१ साली आला. उपचार न घेणाऱ्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्या लोकांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे शंभराच्या मोजपट्टीवर सरासरी १५ गुणांनी कमी झाले, आणि दैनंदिन हालचालींतली अडचण सुमारे सात गुणांनी. म्हणजे साठवर असलेले दुखणे सरासरीने पंचेचाळीसवर येते, शून्यावर येत नाही. केंद्राने हे आकडे पहिल्या दिवशीच सांगितले, ही प्रशंसनीय गोष्ट आहे. माझ्या बाबतीतही दुखणे गेले नाही, पण त्याने जी कामे माझ्याकडून काढून घेतली होती त्यांतील बहुतेक परत आली: जिना, बाजाराच्या पिशव्या, जमिनीवर बसून उठणे, लांबचा प्रवास. एकाच प्रकारच्या व्यायामाला निर्विवाद श्रेष्ठ म्हणता येईल असा पुरावा नाही, त्यामुळे योगासने, पोहणे, सायकल किंवा नुसते चालणे यांपैकी जे माणूस वर्षभर करत राहील ते त्याच्यासाठी चांगले. वर्गाची गरज असते ती सुरुवात करून देण्यासाठी आणि भीती कमी करण्यासाठी. जो आधीच नियमित चालतो, ज्याला हालचालीची धास्ती नाही आणि ज्याचे दुखणे कामाच्या आड येत नाही, त्याने या सेवेवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

केंद्राने प्रगती मोजण्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी एक प्रश्नावली भरून घेतली. त्यात दुखणे किती, याखेरीज किती वेळ बसता येते, किती अंतर चालता येते, झोप कशी आहे, घरातली कामे जमतात का, असे प्रश्न होते. त्या उत्तरांचे पुढे काय झाले हे मात्र आम्हाला कोणी दाखवले नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येकाला दहा मिनिटे दिली असती, तर आपण किती पुढे आलो हे त्या आजींना आणि त्या ताठ बसणाऱ्या दोघांनाही समजले असते. आठव्या आठवड्यानंतर काहीच नाही, ही तर या सेवेची सर्वांत मोठी त्रुटी. वर उल्लेख केलेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत सहा भेटी सहा महिन्यांत पसरलेल्या होत्या, आणि व्यायाम सवयीचा होण्यासाठी तेवढा काळ लागतोच. येथे सगळ्या भेटी दोन महिन्यांत संपतात आणि नंतर साधा फोनही येत नाही.

तेव्हा अशा वर्गात नाव घालण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात असे मी सुचवते. पहिल्या भेटीत स्वतंत्र तपासणी होते का आणि गंभीर लक्षणे आढळल्यास ते कोणाकडे पाठवतात, हा पहिला प्रश्न. व्यायामाची मात्रा प्रत्येकासाठी वेगळी ठरते की सर्व गट एकच आकडा मोजतो, हा दुसरा. आठवडाभर शिकवणारी व्यक्ती एकच आहे का, आणि नसल्यास त्यांनी आपसांत एकमत केले आहे का, हा तिसरा. आणि वर्ग संपल्यावर तिसऱ्या व सहाव्या महिन्यात एकेक भेट ठेवतात का, हा चौथा. या चौथ्या प्रश्नाला नकार मिळाला आणि बाकी उत्तरे समाधानकारक असली, तर नाव जरूर घालावे, पण पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला शेवटच्या दोन-तीन भेटी महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने देण्याची विनंती करावी. आमच्या तुकडीतील एकीने ती केली होती आणि केंद्राने ती खळखळ न करता मान्यही केली.